नऊ सेंटिमीटर

महाविद्यालयाच्या पोहण्याच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक असलेल्या त्या बाईंना समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे काटा. तराजूचा काटा. तो कुणाची भीड ठेवत नाही, तशा त्या. हे नाव त्यांना मनातून आवडायचं, पण तसं त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

काटामॅडमच्या कामाची सुरुवात तलावाच्या तळापासून झाली. सतराव्या वर्षी त्या इथे लागल्या त्या तळाच्या जाळीत अडकलेले केस काढायला. पहाटे कुलूप उघडायचं, केस काढायचे, काठ घासायचा, टॉवेल वाळत घालायचे. पोहायला त्या घरामागच्या कालव्यात शिकलेल्या. स्पर्धेत उतरल्या की चौथ्या यायच्या. एकदा नाही, दरवेळी. चौथं येण्यात एक फायदा होता: पुढच्या तिघी काय करतात ते नीट दिसायचं.

तेव्हाचे म्हातारे प्रशिक्षक एक दिवस म्हणाले, "पोरी, घड्याळ धरशील?" तिनं धरलं. म्हातारे मनानं मऊ. कुणाला अर्धा सेकंद, कुणाला पाव सेकंद सोडून द्यायचे. "जाऊ दे गं, खूश होईल बिचारा." ही म्हणायची, "अर्धा सेकंद तुमच्या खिशातला आहे का सर?" काटा हे नाव पडलं ते तिथून, आणि ठेवलं ते म्हाताऱ्यांनीच.

म्हातारे निवृत्त झाले. त्यांच्या जागी एकामागून एक दोन पुरुष आले. पहिल्याला पहाट सोसली नाही, दुसऱ्याला पोरं सोसली नाहीत. मग दारावर पाटी लागली: 'प्रभारी मुख्य प्रशिक्षक'. प्रभारी म्हणजे काम अख्खं आणि मान अर्धा. हे अकरा वर्षं चाललं. दरवर्षी अर्ज, दरवर्षी उत्तर नाही. बाराव्या वर्षी एका सकाळी मॅडमनी काठ घासायची तारेची घासणी घेतली आणि पाटीवरचा 'प्रभारी' एवढा शब्द घासून काढला. शिपाई आला, पाटी बघून गेला. लेखनिक आला, बघून गेला. तो शब्द पुन्हा रंगवायला मात्र कोणी आलं नाही. पुढच्या वर्षीच्या कागदांवर त्या मुख्य प्रशिक्षक होत्या.

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. शाबास हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. काम नीट झालं की म्हणायच्या, "झालं." नीट झालं नाही की म्हणायच्या, "परत." संघातल्या प्रत्येकाला आपण एका फेरीत किती हात मारतो हा आकडा पाठ असावा लागे, फेरी म्हणजे तलावाची एक लांबी, पंचवीस मीटर. लांब पल्ल्याचा सराव असला की मॅडम स्वतः काठावरून चालायच्या. जी वेळ गाठायची आहे, बरोबर त्याच वेगानं. पोहणाऱ्यानं श्वास घ्यायला तोंड फिरवलं की शेजारी मॅडमच्या रबरी चपला दिसल्या पाहिजेत. चपला पुढे गेल्या तर तुम्ही मागे पडलात. दीड हजार मीटर पोहणारा दमायचा, आणि सत्तावन्न वर्षांच्या मॅडमही तेवढंच चालून उभ्या असायच्या. त्यामुळे दमलो असं सांगायची सोय कुणालाच नव्हती.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी प्राचार्यांनी जून महिन्यातच बोलावून सांगितलं, "मॅडम, स्पष्ट बोलतो. यंदा तुमचा एक तरी खेळाडू राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेला पात्र ठरला पाहिजे. नाहीतर संघ बंद. तलाव बाहेरच्या सभासदांना खुला करू. एवढा खर्च करून नव्या टाइल्स लावतोय, चार लोक बघायला तरी येतील."

"एक ठरेल," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यासमोर एकच मुलगी होती. तिला सगळे साठफेरी म्हणत, कारण ती दीड हजार मीटर पोहायची, म्हणजे साठ फेऱ्या. बोलायला कमी, खायला भरपूर, आणि पाण्यात एकदा उतरली की बैलगाडीसारखी एका चालीनं चालणारी. पात्रतेची वेळ अठरा मिनिटं दहा सेकंद. साठफेरीची आजवरची चांगली वेळ अठरा अकरा आणि अर्धा. दीड सेकंद काढायचा होता.

सुट्टीत तलावाच्या टाइल्स बदलल्या. पाणी भरलं, सराव सुरू झाला, आणि संघाला काय झालं कुणास ठाऊक. सगळ्यांची वळणं बिघडली. भिंतीशी कोलांटी मारून पाय टेकवायचे, तर कुणाचे गुडघे छातीला लागत, कुणाच्या टाचा भिंतीवर आपटत. मॅडम तापल्या.

"सुट्टीत काय अंगाला गंज चढला का? दोनशे वळणं. प्रत्येकानं."

"मॅडम, माझा आकडा एकोणीसच येतोय," साठफेरी म्हणाली. "पण शेवटचा हात पुरा पसरत नाही. भिंत आधी येते."

"भिंत कुठे येत-जात नाही. तू झोपेत येतेस. परत."

आठवडाभर असं चाललं. दोनशेची तीनशे वळणं झाली. मग साठफेरीला ताप आला. सहा दिवस ती अंथरुणात. उठली, तीन दिवस हळूहळू पोहली, आणि चौथ्या दिवशी मॅडमनी सहज अंदाज घ्यायला तिची वेळ लावली. अठरा मिनिटं आठ सेकंद.

संघ नाचायला लागला. कुणीतरी पळत जाऊन प्राचार्यांना सांगितलं. ते बुटांसह काठावर आले आणि टाळ्या वाजवून गेले. मॅडम घड्याळाकडे बघत राहिल्या. साडेतीन सेकंद! तापातून उठलेल्या मुलीनं, अर्ध्या सरावावर? पोरीनं कष्ट केले तेव्हा घड्याळाच्या काट्यानं अर्धा सेकंद द्यायला महिना लावला, आणि आता साडेतीन सेकंद फुकट? त्यांनी घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी लावून पाहिलं. घड्याळ ठीक होतं.

त्यांनी सराव संपवला. संघ गेल्यावर पंपाच्या खोलीत गेल्या. पंपवाला फिल्टरची झाकणं पुसत होता.

"काका, पोलादी पट्टी आहे का लांब?"

"आहे. कशाला?"

"एक टोक धरा."

पट्टी ताणली. चोवीस मीटर एक्क्याण्णव सेंटिमीटर.

"ओढली नसेल नीट," पंपवाला म्हणाला.

पुन्हा ओढली. मग दुसऱ्या लेनमध्ये, मग तिसऱ्या. चोवीस एक्क्याण्णव. मॅडमनी काठावरच बसून हिशोब मांडला. एका फेरीला नऊ सेंटिमीटर कमी, साठ फेऱ्यांना पाच मीटर चाळीस. म्हणजे जवळजवळ चार सेकंद. मुलीची खरी वेळ अठरा बाराच्या आसपास होती.

पंपवाल्यानं इकडे-तिकडे पाहिलं. "मॅडम, हे मला दिसलं नाही, तुम्हालाही दिसलं नाही. पट्टी मी ठेवून देतो."

"दिसलं काका. दोघांनाही दिसलं."

त्या संध्याकाळी घरी त्यांनी थोरल्या भावापुढे विषय काढला. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. भाऊ आणि वहिनीबरोबर राहायच्या. भाऊ टाइल्स बसवणारा कारागीर, आणि तलावाच्या भिंती त्यानंच केल्या होत्या, एका कंत्राटदाराच्या हाताखाली. त्या भिंतींचा त्याला फार अभिमान.

"दादा, टोकाच्या भिंतीवरच्या जुन्या टाइल्स काढल्या होत्यास?"

"कशाला काढायच्या? दगडासारख्या घट्ट होत्या. कंत्राटदार म्हणाला, वरूनच लाव, नऊ दिवस वाचतात."

"जाडी किती झाली?"

"सिमेंटचा माल साडेतीन, टाइल एक. साडेचार सेंटिमीटर."

"दोन्ही टोकांना?"

"मग काय एका टोकाला लावून दुसरं तसंच सोडू? ओळंबा लावून बघ जा. केसभर फरक निघाला तर नाव बदलीन."

"भिंत सरळ आहे रे. पण पुढे आली आहे. तलाव नऊ सेंटिमीटर कमी भरतो."

दादानं हात झटकला. "नऊ सेंटिमीटर म्हणजे काय गं? आमच्या कामात तेवढं पट्टीखाली झाकून जातं."

"आमच्या कामात नखाएवढ्यासाठी पोरगी घरी परत येते."

"अहो, आता पुरे," वहिनी आतून म्हणाली. "तुम्ही बहीण-भाऊ मोजत बसा. मी सगळा स्वयंपाक अंदाजानं करते, आजवर कोणी उपाशी उठलं नाही."

दादा हसला नाही. जेवण होताच तो उठला. हात धुताना एवढंच म्हणाला, "मला कुणी सांगितलं असतं ना, की इथे लांबी मोजतात, तर काढल्या असत्या. पाण्याची खोली मोजतात एवढंच मला ठाऊक."

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडमनी संघाला काठावर बसवलं. "भिंत चुकली होती. वळणं तुमची बरोबर होती. मी आठवडाभर तुम्हाला उगाच बोलले, ती चूक माझी." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. साठफेरीनं हळूच विचारलं, "मग माझे अठरा आठ?"

"नाहीत ते."

मुलीनं मान हलवली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. एवढी दमले नव्हते मी."

हे ऐकून मॅडमना बरं वाटलं.

प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज तयारच होता. खेळाडूची वेळ लिहिलेली, खाली छापील ओळ: 'वरील वेळ पूर्ण पंचवीस मीटर लांबीच्या तलावात नोंदवली आहे.' आणि त्याखाली मुख्य प्रशिक्षकाच्या सहीची जागा.

"करा सही," प्राचार्य म्हणाले. "संघ वाचला तुमचा."

"तलाव पंचवीस मीटर नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "मॅडम, नऊ सेंटिमीटर कोण बघायला येतंय? सगळीकडे अशाच सह्या होतात."

"मग त्यांच्याकडून घ्या."

"संघ बंद होईल. चाळीस वर्षं इथे घालवलीत. स्वतःच्या हातानं बंद करणार?"

"बंद करायचा तर तुम्ही करा. माझ्या सहीनं तो खोट्यावर चालणार नाही. मुदत कधी संपते?"

"पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. अठरा दिवस आहेत. आणि नवीन भिंतीला हात लावायचा नाही, आधीच सांगून ठेवतो. तो खर्च संस्थेकडून मंजूर झालेला आहे."

"लेखी द्या मग," मॅडम म्हणाल्या. प्राचार्यांनी लेखी दिलं नाही.

मॅडमना नियमाचं पुस्तक तोंडपाठ होतं. लांबी मोजतात ती पाण्यावर फूटभर आणि पाण्याखाली कमरेएवढ्या पट्ट्यात. म्हणजे सगळी भिंत फोडायची गरज नव्हती. पाणी मीटर-सव्वा मीटर उतरवलं आणि दोन लेनची दोन्ही टोकं तेवढ्या उंचीत मोकळी केली, तरी तिथे पोहून काढलेली वेळ खरी ठरणार होती. शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी एवढा अवधी होता.

शुक्रवारी त्यांनी दादाला विचारलं, "तुझ्याकडे दोन छिन्न्या आहेत का?"

"चार आहेत," दादा म्हणाला. "पण माझं काम मी फोडणार. तू मागे उभी राहा."

त्या मागे उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. शनिवारी पंपवाल्यानं पाणी उतरवलं. नोंदवहीत कारण काय लिहू, असं त्यानं घाबरत विचारलं. "खरं ते लिहा," मॅडम म्हणाल्या. "लांबीची दुरुस्ती." दादानं लेन तीनच्या टोकाला छिन्नी लावली आणि पहिल्या घावाला एक अख्खी टाइल सोडवून आणली, न फुटता. मॅडमनी समोरचं टोक धरलं. त्यांचे घाव सरकायला लागले.

दादा तिकडून ओरडला, "खांद्यातून मारतेस काय! मनगटातून. आणि छिन्नी तिरकी धर. किती घावांत एक निघाली?"

"अकरा."

"परत!"

पोरांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. ती बादल्यांनी राडारोडा वर आणत होती. साठफेरी हातोडा मागायला आली तेव्हा मॅडमनी तिला हाकललं. "तुझे खांदे पाण्यासाठी आहेत. जा, व्यायाम कर." रविवारपर्यंत मॅडमची दोन नखं काळीनिळी झाली होती. नव्या थराखाली जुन्या निळ्या टाइल्स जशाच्या तशा होत्या. दादानं कापलेल्या कडा सिमेंटनं गोल करून दिल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून, आणि प्रत्येक टोकाला स्वतः ओळंबा लावून पाहिला.

सोमवारी दुपारी प्राचार्य आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. काठावर उभे राहून त्यांनी ती उघडी पडलेली चार टोकं पाहिली, आणि त्यांचा आवाज चढला. "ही संस्थेची मालमत्ता आहे! ही तोडफोड आहे!"

"मालमत्ता आहे म्हणूनच ती पुरी पंचवीस मीटर पाहिजे," मॅडम खालून म्हणाल्या. त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, हातात घमेलं.

"आणि हा माणूस कोण?"

"ज्यानं बसवलं तो," दादा म्हणाला. "सरका जरा साहेब, पायाखाली माल ओला आहे."

मंगळवारी पाणी भरलं. पुढचे तेरा दिवस मॅडम रोज साठ फेऱ्या काठानं चालल्या, आणि साठफेरी रोज त्यांच्या चपलांना धरून पोहली. पहिल्या दिवशी चपला पुढे गेल्या. पाचव्या दिवशी पंचेचाळिसाव्या फेरीपर्यंत ती बरोबर होती. दहाव्या दिवशी सत्तावन्नाव्यापर्यंत. "झालं" मात्र एकदाही ऐकू आलं नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी जलतरण संघटनेचे पंच आले. त्यांनी स्वतःची पट्टी आणली होती. लेन चार: पंचवीस मीटर पूर्ण, वर केसभर. तसं त्यांनी वहीत लिहिलं. प्राचार्य खुर्ची टाकून बसले होते. दादा सुट्टी घेऊन आला होता आणि भिंतीकडे बघत होता.

शिट्टी वाजण्याआधी पंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही काठावर उभ्या का?"

"चालते मी तिच्या बरोबरीनं."

"सरावात चाला. नोंदीच्या वेळी काठानं चालणं म्हणजे वेग दाखवून देणं. नियमात बसत नाही. खुर्चीवर बसून घ्या."

सगळे मॅडमकडे बघायला लागले. तेरा दिवस मुलगी त्या चपलांच्या आधारानं पोहली होती. मॅडमना हा नियम माहीत होता. सरावाच्या नादात त्या तो विसरल्या होत्या. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर त्यांनी त्याला सोडलं नसतं. त्या खुर्चीकडे निघाल्या. जाता जाता साठफेरीला म्हणाल्या, "आज मी नाही. तुझा आकडा तुला माहीत आहे."

मुलगी पाण्यात पडली. पहिल्या दहा फेऱ्या ती श्वास घेताना काठाकडे बघत होती. मॅडमना ते दिसत होतं. विसाव्या फेरीला ती एक सेकंद मागे होती, तिसाव्याला दोन. प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं. मॅडमनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण त्यांचे पाय आपोआप उठत होते. पस्तिसाव्या फेरीनंतर मुलीनं काठाकडे बघणं सोडलं. मान खाली गेली, श्वास दुसऱ्या बाजूनं घ्यायला लागली. एकोणीस हात, वळण. एकोणीस हात, वळण. पंचेचाळिसाव्याला दीड सेकंद मागे. बावन्नाव्याला अर्धा. शेवटच्या चार फेऱ्यांत तिनं पायांना जे काम दिलं ते तिनं आधी कधी दिलं नव्हतं. पाणी तिच्या मागे उकळल्यासारखं दिसत होतं. साठावी फेरी, शेवटचा हात पुरता पसरलेला, आणि बोटं जुन्या निळ्या टाइलवर.

पंचांनी तीन घड्याळं शेजारी ठेवून पाहिली. "अठरा मिनिटं, नऊ सेकंद, सहा दशांश."

पोरांनी आरडाओरडा केला. दादानं डोळे पुसले आणि वर क्लोरीनला शिव्या दिल्या. साठफेरी लेनच्या दोरीला लटकून मॅडमकडे बघत होती. मॅडम उठून काठाशी गेल्या.

"झालं," त्या म्हणाल्या.

अर्जावर त्यांनी तिथेच सही केली. संघ राहिला, तसा शब्द प्राचार्यांनी जूनमध्ये दिला होता आणि पंचांसमोर त्यांना तो फिरवता आला नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमना नोटीस आली. संस्थेच्या मालमत्तेची विनापरवानगी मोडतोड केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खेद व्यक्त करावा, अन्यथा मुख्य प्रशिक्षकपद काढून घेण्यात येईल. प्राचार्यांनी भेटून समजावलंही. "दोन ओळी लिहा. बाकी मी सांभाळतो."

घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मॅडम बसल्या. वहिनी म्हणाली, "लिहून टाका हो वन्सं. खेद काय, लिहिल्यानं थोडाच होतो?"

मॅडमनी लिहिलं. दादानं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: "'मला खेद आहे. लेन तीन आणि चार पूर्ण लांबीच्या झाल्या. उरलेल्या चार लेनच्या चार भिंती फोडायच्या राहून गेल्या, याचा.'" त्यानं कागद खाली ठेवला. "चुकलंय."

"काय?"

"चार कशा? दोन्ही टोकं धर की. आठ."

मॅडमनी चार खोडून आठ केलं, शेजारी छोटी सही केली, आणि खाली मोठी. पद जाणार हे त्यांना माहीत होतं, आणि महिनाअखेर ते गेलंही. त्या साध्या प्रशिक्षक म्हणून राहिल्या, पहाट तीच, पोरं तीच. पण पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याच्या दोन प्रती घेऊन कार्यालयात गेल्या. प्राचार्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"मॅडम, याचा अर्थ काय होतो, कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय," मॅडम म्हणाल्या आणि दुसरी प्रत पुढे सरकवली. "पोच द्या."